कॅनिस्टरच्या टोपल्यांत काय भरायचं? कोकणातल्या झाडांच्या फिशटँकसाठी

नवा कॅनिस्टर फिल्टर, म्हणजे टाकीबाहेर ठेवायचा बंद डब्यासारखा फिल्टर, घरी आला की टोपल्या भरायची घाई होते. जरा थांबा. आधी तो रिकामाच जोडा, सुरू करा आणि तो खरोखर किती पाणी फेकतो ते मोजा. आउटलेटचा, म्हणजे पाणी बाहेर सोडणारा, पाईप टाकीच्या काठाच्या उंचीवरच धरायचा, खाली सोडायचा नाही. खाली सोडला तर पाणी जास्त जोरात येतं आणि मोजमाप फसतं. दहा लिटरची बादली किती सेकंदांत भरते ते मोबाईलवर बघा. ३६,००० ला त्या सेकंदांनी भागलं की ताशी किती लिटर ते कळतं.

खोक्यावर ताशी १००० लिटर छापलेला माझा फिल्टर रिकामा असताना बादली ४५ सेकंदांत भरायचा, म्हणजे ताशी ८०० लिटर. सुरुवातीला मी तिन्ही टोपल्या सिरॅमिक रिंगांनी आणि जाड फिल्टर वुलने ठासून भरल्या होत्या. दोन आठवड्यांनी त्याच बादलीला दीड मिनिट लागलं. ताशी ४००. टाकीच्या उजव्या कोपऱ्यात पानं हलेनाशी झाली होती आणि त्याच कोपऱ्यातल्या अनुबियास या झाडाच्या पानांच्या कडांवर काळं शेवाळ धरलं होतं. मीडिया, म्हणजे टोपल्यांत भरतो तो सगळा माल, कमी करून नीट लावल्यावर वेळ ५८ सेकंदांवर आली, आणि पुढे त्या कोपऱ्यातली नवी पानं स्वच्छ निघाली. तेव्हापासून मी मीडिया निवडताना पहिला प्रश्न एकच विचारते : यातून पाणी किती सहज जाईल?

तीन फूट लांब, दीड फूट रुंद, दीड फूट उंच टाकीत काठोकाठ सुमारे १९० लिटर पाणी मावतं. अॅक्वासॉइल (झाडांसाठीची तळमाती), दगड, लाकूड आणि वरची रिकामी जागा वजा केली की सुमारे १५० लिटर उरतं. झाडांच्या टाकीत प्रत्यक्ष मोजलेला प्रवाह तासाला पाण्याच्या चार ते पाच पट मिळाला तर माझ्या मते पुरे. खोक्यावरचा आकडा आठ-दहा पट दिसला तरी मीडिया भरल्यावर तो बराच खाली येतो, हे धरूनच खरेदी करा.

झाडं असली की हिशेब बदलतो

माशांच्या विष्ठेतून, उरलेल्या खाण्यातून आणि कुजणाऱ्या पानांतून अमोनिया सुटतो. एका गटाचे जीवाणू त्याचं नायट्राइट करतात, दुसऱ्या गटाचे नायट्रेट. नुसत्या माशांच्या टाकीत हे सगळं काम फिल्टरलाच करावं लागतं, म्हणून तिथे जैविक मीडिया भरभरून घालतात. झाडांच्या टाकीत मात्र वाढती झाडं अमोनियम थेट उचलतात, आणि बहुतेक पाणवनस्पतींना नायट्रेटपेक्षा तेच जास्त आवडतं. शिवाय तळमातीवर, लाकडावर, पानांवर, पाईपच्या आतल्या चिकट थरावर, सगळीकडे जीवाणूंची वस्ती असतेच. फिल्टरकडे उरतात दोन मोठी कामं : कचरा अडवणं, आणि खत, सीओटू, ऑक्सिजन टाकीच्या कोपऱ्याकोपऱ्यात पोचवणं.

म्हणून आपल्यासारख्यांसाठी महागडा जैविक मीडिया हा खरेदीच्या यादीत शेवटून दुसरा. पहिला मान स्पंजचा.

आधी आपलं पाणी ओळखा

जांभ्यातल्या विहिरीचं पाणी साधारणपणे मऊ आणि किंचित आम्लधर्मी असतं. आमचं घर रत्नागिरीजवळच्या पावस गावाच्या बाजूला. आमच्या विहिरीचा टीडीएस, म्हणजे विरघळलेल्या क्षारांचं प्रमाण, पावसाळ्यानंतर साठच्या आसपास असतो आणि केएच, म्हणजे पीएच सावरून धरणाऱ्या क्षारतेचं माप, जेमतेम १. झाडांना हे पाणी मानवतं. पण अमोनियाचं नायट्रेट होताना पाण्यातली क्षारता खर्च होते : एक ग्रॅम अमोनिया-नायट्रोजनमागे सुमारे ७ ग्रॅम, कॅल्शियम कार्बोनेटच्या हिशेबात. मुळात केएच १ असेल तर ही शिल्लक लवकर संपते, पीएच अचानक घसरतो आणि जीवाणूंचं काम मंदावतं. मासे तोंड वर करून फिरतात आणि आपण फिल्टरला दोष देत बसतो.

खाडीच्या किंवा समुद्राच्या कडेला राहणाऱ्यांची गोष्ट उलटी. एप्रिल-मेमध्ये विहीर मचूळ व्हायला लागते. जिभेला कळण्याआधी टीडीएस मीटरला कळतं, म्हणून उन्हाळ्यात दर आठवड्याला एकदा मोजावं.

तिसरी बाब नळाची. ग्रामपंचायतीच्या पाण्यात टीसीएल (ब्लीचिंग) पावडर पडते, त्यातलं क्लोरीन जीवाणूंना मारतं. मीडिया नळाखाली धुवायची सवय असेल तर ती आजच सोडा.

स्पंज

जाडाभरडा स्पंज, मोठ्या छिद्रांचा, हा या फिल्टरचा कणा आहे. दुकानात पीपीआय विचारा, म्हणजे एका इंचात किती छिद्रं. खालच्या टोपलीला १० ते २० पीपीआय, त्यावर ३० च्या आसपासचा मध्यम. त्याहून बारीक स्पंज कॅनिस्टरमध्ये आठवड्याभरात तुंबतो, घेऊ नका. कचरा अडवतो तोच स्पंज जीवाणूंनाही घर देतो, वर्षानुवर्षं टिकतो आणि बादलीत पिळला की पुन्हा तयार. सोफ्याचा किंवा गादीचा फोम त्याऐवजी चालत नाही. त्याच्या छिद्रांवर बऱ्याचदा पातळ पडदे असतात, त्यातून पाणी सहज जात नाही, आणि कशाची प्रक्रिया केली आहे ते आपल्याला माहीत नसतं.

इनटेकच्या, म्हणजे टाकीतून पाणी ओढणाऱ्या पाईपच्या, जाळीवर एक जाड स्पंजची टोपी बसवाच. झाडांच्या टाकीत सगळ्यात जास्त कचरा पानांचाच, आणि तो बाहेरच अडला तर कॅनिस्टर महिनोन्महिने उघडावा लागत नाही. ही टोपी दर आठवड्याला काढून पिळायची. पंप बंद करून, टोपीखाली हात किंवा प्लास्टिकचा डबा धरून हळू काढा, नाहीतर साठलेला गाळ सगळा टाकीत पसरतो. कोळंबीची पिल्लं असतील तर टोपी हवीच.

वुल

पाणी काचेसारखं दिसतं ते सगळ्यात वरच्या पांढऱ्या थरामुळे. तो एक सेंटिमीटरच द्या, जास्त नको. दर दोन-तीन आठवड्यांनी काढून फेकायचा.

दुकानातलं फिल्टर वुल महाग पडतं म्हणून मी बाजारातल्या गादीवाल्याकडून उशीत भरायचं पॉलिस्टर फायबर आणते. पहिल्यांदा गेले तेव्हा त्यांनी आपणहून सावरीचा कापूस पुढे केला, “ताई, हा घ्या, मऊ आहे.” मी म्हटलं, “काका, पाण्यात घालायचंय, कुजता कामा नये. आणि रेझिन मारलेलं नको.” त्यांनी दोन गठ्ठ्यांतले पुंजके माझ्या हातात दिले. एक बोटांत दाबला की कडक, कागदासारखा कुरकुरला. दुसरा दाबून सोडला की फुलून वर आला आणि बोटांना काहीच लागलं नाही. हा दुसरा घ्यायचा. घरी आणून बादलीत बुडवून ठेवा, वास किंवा फेस आला तर वापरू नका. सावरीचा असो वा साधा, कापूस म्हणजे वनस्पतीचा धागा. तो पाण्यात सडतो आणि सडताना ऑक्सिजन खातो.

पावसाळ्यात विहिरीला तांबूस गढूळपणा येतो. ती माती इतकी बारीक असते की वुलमधूनही निसटते. ती फिल्टरने काढायचा हट्ट धरू नका. पाणी ड्रममध्ये एक-दोन दिवस निवळू द्या आणि वरचं पाणी टाकीत घ्या. तुरटी फिरवू नका. आपल्या मऊ पाण्यात तिने उरलीसुरली क्षारताही जाते.

जैविक मीडिया : रिंगा, लाव्हा आणि कौलं

पाकिटावर अमुक इतके चौरस मीटर पृष्ठभाग असं मोठ्या अक्षरांत छापलेलं असतं. त्यातला बराचसा पृष्ठभाग इतक्या सूक्ष्म छिद्रांत असतो की तिथे जीवाणूंचा चिकट थर बसला की तोंडच बंद होतं. आत पाणी फिरलं नाही की ऑक्सिजन पोचत नाही, आणि ऑक्सिजनशिवाय नायट्रेट बनवणारे जीवाणू काम करत नाहीत. दोन पाकिटांतला तो आकडा बघून जास्तीचे हजार रुपये घालवू नका. साध्या सिरॅमिक रिंगा, सिंटर्ड काचेचे तुकडे, लाव्हा दगड, प्युमिस, यांतलं जे स्वच्छ, टणक आणि खडबडीत मिळेल ते घ्या. १५० लिटरच्या, भरपूर झाडांच्या आणि माफक माशांच्या टाकीला एक लिटरभर पुरतं.

आपल्याकडे एक चीज फुकट आहे : फुटकी मंगलोरी कौलं. भाजलेली माती, छिद्राळ, पाण्यात काही सोडत नाही. शाकारणी झाली की अंगणाच्या कडेला ढीग पडतोच. रंग लावलेलं कौल घेऊ नका, आणि ज्याला चुना किंवा सिमेंट चिकटलंय तेही नको. गोणत्यात घालून हातोडीने फोडा, डोळ्यांना चष्मा लावा. सुपारीएवढे तुकडे वेगळे काढा आणि चुरा फेकून द्या. जुन्या कौलावर शेवाळ असतं, ते ब्रशने घासा, तुकडे वीस मिनिटं उकळा, मग बादलीत हलवत धुवा. पहिली तीन-चार पाणी लाल येतात. पाणी नितळ येईपर्यंत धुवायला कंटाळू नका, कारण राहिलेली भुकटी वर जाऊन इम्पेलरची (पंपातल्या फिरत्या चाकाची) दांडी घासते. माझी मधली टोपली कौलांचीच आहे.

मग जांभा का नको, हा प्रश्न मला हमखास येतो. तोही छिद्राळ, तोही दारात. पण जांभा ठिसूळ असतो, वाहत्या पाण्यात झिजून लाल गाळ सोडत राहतो. त्यातली लोह आणि अॅल्युमिनियमची ऑक्साइडं फॉस्फेट धरून ठेवतात, म्हणजे आपण खत घालायचं आणि फिल्टरने ते पळवायचं. जांभ्याची भुकटी तळमातीत, मुळांपाशी, लोहासाठी वापरण्याची रीत जुनी आहे. तिथे ती शोभते. टोपलीत नको.

ओळख नसलेला कुठलाही दगड टोपलीत घालण्याआधी त्यावर व्हिनेगरचे चार थेंब टाका. फेस आला तर त्यात चुना आहे, तो पाण्याचा केएच आणि पीएच वाढवत राहील.

शिंपले

किनाऱ्यावर राहून शिंपल्यांबद्दल लिहिलं नाही तर लेख अपुरा राहील. इंटरनेटवर सगळीकडे वाचाल की झाडांच्या टाकीत शिंपले किंवा प्रवाळाचा चुरा अजिबात नको. ज्यांचं पाणी आधीच जड आहे त्यांच्यासाठी ते बरोबर. आपल्या केएच १ च्या पाण्याला थोडासा चुना आधार देतो, आणि सोबत कॅल्शियमही मिळतं. घरी कालवं किंवा तिसऱ्या झाल्या की शिंपले ठेवून द्या. घासून, उकळून, उन्हात वाळवून, जाडसर कुटून दोन मोठे चमचे जाळीच्या पिशवीत बांधा आणि मधल्या टोपलीत ठेवा. दोन आठवड्यांनी केएच मोजा. २ ते ३ वर स्थिरावला तर तसंच राहू द्या. ४ च्या वर गेला तर निम्मे काढा. पिशवीत बांधायचं कारण हेच, की हवं तेव्हा उचलता यावं. उन्हाळ्यात मचूळ पाणी घालावं लागलं तर पिशवी बाहेर.

प्रवाळ मात्र गोळा करू नका. मालवणच्या समुद्रातलं असो वा वाहून आलेलं, प्रवाळांना १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचं संरक्षण आहे. आणि शिंपल्यांनी काम होत असताना त्याची गरजही नाही.

रासायनिक मीडिया

अॅक्टिव्हेटेड कार्बन रोज ठेवायची वस्तू नाही. माशांना औषध दिल्यावर उरलेलं औषध काढायला, किंवा लाकडाचा पिवळेपणा घालवायला आठवडा-दोन आठवडे ठेवा आणि काढा. खतातलं काही सूक्ष्म अन्नही तो ओढतो.

प्युरिजेन हा विकतचा मीडिया परवडत असेल तर घ्या. पाण्यात विरघळलेला सेंद्रिय कचरा ते धरतं आणि पाणी खरोखर चमकतं. १०० मिलि सुमारे ४०० लिटरला पुरतं. पांढरं असतं ते तपकिरी झालं की ब्लीचमध्ये भिजवून पुन्हा वापरता येतं, पाकिटावरच्या सूचनेप्रमाणे, बिनवासाच्या साध्या ब्लीचमध्ये, आणि नंतर क्लोरीन घालवणाऱ्या डीक्लोरिनेटरमध्ये पूर्ण ब्लीच उतरवून. ब्लीचजवळ व्हिनेगर किंवा दुसरं कुठलंही आम्ल आणायचं नाही, विषारी वायू सुटतो.

झिओलाइट हे खनिज आपल्याकडे घालूच नका. ते अमोनियम धरतं, म्हणजे झाडांच्या तोंडचा घास काढतं. त्याहून वाईट म्हणजे खारट पाणी लागलं की धरलेलं अमोनियम परत सोडतं. मे महिन्यात विहीर मचूळ झाली आणि नकळत तेच पाणी टाकीत गेलं तर काय होईल ते वेगळं सांगायला नको. नायट्रेट काढणारा मीडियाही नको, झाडांना नायट्रेट लागतं. पीट (दलदलीतली कुजकी माती) तर मऊ पाण्याला आणखी आम्लाकडे नेतं. पाण्याला थोडा चहाचा रंग हवा असेल तर देशी बदामाचं एखादं वाळलेलं पान टाकीत सोडा.

रचना

बहुतेक कॅनिस्टरमध्ये पाणी आधी तळाशी जातं आणि टोपल्यांतून वर चढत पंपापर्यंत येतं. तुमचा तसाच आहे का ते झाकण उघडून, इनटेकची वाट डोळ्यांनी बघून खात्री करा. काही फिल्टरमध्ये वाट वेगळी असते. नियम एवढाच, की पाण्याला आधी जाड आणि शेवटी बारीक भेटलं पाहिजे.

माझ्या तीन टोपल्या अशा : तळाला जाड स्पंजचे दोन थर. मधे कौलांचे तुकडे, टोपली पाऊण भरेल इतकेच, सैल, आणि त्यातच शिंपल्यांची पिशवी. वर मध्यम स्पंजचा एक थर, त्यावर प्युरिजेनची चपटी पिशवी, सगळ्यात वर वुल. स्पंज टोपलीपेक्षा दोन-तीन मिलिमीटर मोठा कापा म्हणजे कडेला फट राहत नाही. पाणी आळशी असतं, फट दिसली की तिथूनच जातं आणि मीडिया कोरा राहतो. भरून झालं की पुन्हा बादली धरा. तो आकडा फिल्टरवर मार्करने लिहून ठेवा.

लाईट गेली तर

मीडिया निवडताना आपल्याला हा विचार करावाच लागतो. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धनजवळ किनाऱ्यावर आलं, त्यानंतर रायगड आणि दापोली-मंडणगडच्या कितीतरी गावांत बरेच दिवस वीज नव्हती. पण एवढं मोठं वादळ लागत नाही, मृगाचा पहिला पाऊसही पुरतो. बंद कॅनिस्टरमधला ऑक्सिजन जीवाणू काही तासांत संपवतात, आणि उष्णतेत आणखी लवकर. २५ अंशाच्या पाण्यात लिटरमागे ८.३ मिलिग्रॅम ऑक्सिजन मावतो, ३० अंशाला ७.६.

एका जूनमध्ये आमच्याकडे रात्री अकराला गेलेली लाईट दुसऱ्या दिवशी दुपारी आली. मी झाकणाच्या कड्या सोडल्या तशी कुजक्या अंड्याची घाण वर आली. वरचं वुल राखाडी झालं होतं. खालचा स्पंज उचलला तर त्याची खालची बाजू काळी आणि बोटांना बुळबुळीत. आतलं आठ लिटर पाणी तसंच टाकीत गेलं असतं तर मासे वाचले नसते.

तासा-दोन तासांची लाईट गेली तर काही करू नका. तीन-चार तासांच्या पुढे गेली तर झाकण उघडा आणि मधल्या टोपलीतला मीडिया घमेल्यात टाकीचंच पाणी घेऊन, अर्धा बुडेल असा पसरा. ओला आणि हवेशी राहिला की जीवाणू तग धरतात. लाईट आली की कॅनिस्टरमधलं साचलेलं पाणी आधी ओतून टाका, स्पंज पिळा, टाकीतून ताजं पाणी भरा, मगच बटण दाबा. इथे कौलं आणि जाड स्पंज कामी येतात, पाच मिनिटांत निघतात आणि धुतले जातात. ठासून भरलेला बारीक मीडिया अंधारात, बॅटरी तोंडात धरून काढायला बसलात की फरक कळतो. घरी इन्व्हर्टर असेल तर फिल्टर त्यावर जोडा. असा पंप १५-२० वॉट खातो, म्हणजे एका बल्बएवढंच. इन्व्हर्टर साइन वेव्हचा हवा, स्क्वेअर वेव्हवर पंप गुणगुणतो आणि तापतो.

धुणं

तारीख बघून फिल्टर उघडू नका, बादली बघून उघडा. लिहून ठेवलेल्या वेळेपेक्षा तिसरा हिस्सा जास्त लागायला लागला की वेळ झाली. टाकीतलंच पाणी बादलीत घ्या. खालचा स्पंज चार-पाच वेळा पिळा, पाणी कोकमाच्या सारासारखं गडद झालं की बदला. नितळ पाणी येईपर्यंत पिळत बसू नका, त्या तपकिरी मऊ थरातच जीवाणू आहेत. कौलं फक्त एकदा बुडवून हलवा. स्पंज आणि कौलं दोन्ही एकाच दिवशी नवी कधीच घालू नका. नव्या फिल्टरला स्थिरावायला चार ते सहा आठवडे लागतात. कोणा ओळखीच्याच्या निरोगी टाकीतला स्पंज पिळून ते पाणी तुमच्या टोपल्यांवर ओतलं तर हा काळ बराच कमी होतो.

इम्पेलर काढून त्याच्या खोबणीतला चिकटा जुन्या दातघासणीने काढा. झाकणाच्या रबरी रिंगेला खोबरेल तेल लावायचा मोह होतो, घरात तेच हाताशी असतं. लावू नका. तेलाने रबर फुगतं आणि काही महिन्यांत कडी बसेनाशी होते. सिलिकॉन ग्रीसचा एक पातळ हात पुरतो. फिल्टर सुरू करून, थोडा तिरका करून आतली हवा जाऊ द्या आणि त्याच्याखाली जुन्या वर्तमानपत्राची घडी ठेवा. सकाळी कागद कोरडा असेल तर फिल्टर टाकीखालच्या कपाटात सरकवा.